साहेबांचं वेळापत्रक, बाईंचं व्यसन

तळघर (धागाकर्ती)

२०२५ साली अमेरिकेतल्या दोन राजकारण्यांच्या बायका गेल्या. मार्चमध्ये किटी डुकाकिस, ऑक्टोबरमध्ये जोन केनेडी. एकीचा नवरा, मायकेल डुकाकिस, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला, दुसरीचा, टेड केनेडी, पक्षाची उमेदवारीच हरलेला. दोघींच्या मृत्युलेखांत नवऱ्याच्या नावापाठोपाठ व्यसन आलंच. ते वाचताना जे डोक्यात आलं ते इथे टाकतेय, फाडून खा.

माझं म्हणणं असं, की राजकारण्याच्या बायकोचं व्यसन कधी उघड व्हायचं हे तिच्या आजारावर ठरत नाही. ते साहेबांच्या वेळापत्रकावर ठरतं. आणि मग आपण त्याला 'केवढं धाडस' म्हणून टाळ्या वाजवतो.

सगळ्यात मोठ्या टाळ्या बेटी फोर्डना. १९६४ मध्ये मानेची नस दबली म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या सुटल्याच नाहीत. जोडीला दारू. ऑगस्ट १९७४ मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष झाला, जानेवारी १९७७ मध्ये पायउतार झाला. आणि नवरा-मुलांनी समोर बसवून 'आता पुरे' सांगितलं ते १ एप्रिल १९७८ रोजी. म्हणजे खुर्ची गेल्यावर सव्वा वर्षाने! लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात त्यांना चार खाटांची खोली मिळाली. बाई अडून बसल्या, मला स्वतंत्र खोली हवी. तिथले डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, मग आतल्या बायकांना सामान आवरायला सांगतो. बाई मुकाट्याने आत गेल्या. पहिल्या निवेदनात फक्त औषधांचा उल्लेख होता. 'दारूसुद्धा' हे कबूल करायला आणखी काही दिवस गेले. साठावा वाढदिवस दाखल व्हायच्या दोनच दिवस आधी झाला होता.

किटीचं बघा. एकोणिसाव्या वर्षापासून वजन कमी करायच्या ॲम्फेटामाइनच्या गोळ्या, एकूण २६ वर्षं. १९८२ मध्ये मिनेसोटात जाऊन उपचार घेतले, सुटली. जाहीर कधी झालं? जुलै १९८७, नवरा उमेदवारीच्या शर्यतीत उतरल्यावर. नोव्हेंबर १९८८ मध्ये नवरा हरला आणि पुढच्या फेब्रुवारीत ती दारूसाठी ऱ्होड आयलंडच्या केंद्रात दाखल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात घरातलं रबिंग अल्कोहोल, म्हणजे अंगाला चोळायचं स्पिरिट, प्यायली आणि इस्पितळात पोचली.

गोळ्यांची गोष्ट प्रचारात सांगून झाली होती. दारूच्या गोष्टीला प्रचारात जागा नव्हती.

खोडरबर

असहमत. तारखा जुळवून सिद्धांत मांडायचा तर काहीही मांडता येतं.

बेटी फोर्ड लपवणाऱ्यातली बाई नव्हतीच. सप्टेंबर १९७४ मध्ये, नवरा राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते, स्तनाचा कर्करोग निघाला. लगेच जाहीर केलं. तोवर वर्तमानपत्रात 'स्तन' शब्द छापायची चोरी होती. हजारो बायका तपासणीला धावल्या. खुद्द उपराष्ट्राध्यक्षपदी नेमलेल्या रॉकफेलरांच्या बायकोलाही गाठ सापडली, काही आठवड्यांत. सहा आठवड्यांवर संसदेच्या निवडणुका होत्या तेव्हा. कुठे गेलं तुमचं वेळापत्रक? १९७५ मध्ये टीव्हीवर मुलांच्या गांजाबद्दल, मुलीच्या लग्नाआधीच्या संबंधांबद्दल बिनधास्त बोलली आणि नवऱ्याच्या सल्लागारांच्या तोंडचं पाणी पळालं.

१९७८ पर्यंत ती गप्प होती कारण तिला स्वतःलाच ते व्यसन वाटत नव्हतं. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी, त्यात काय? हे कुठल्याही घरात होतं. त्याला साहेब लागत नाहीत.

तळघर

@खोडरबर, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. कर्करोग झाला तर लोक फुलं पाठवतात. व्यसन लागलं तर विचारतात, घरात असं काय कमी होतं हिला? म्हणून एक लगेच सांगता आलं, दुसरं चार वर्षांनी.

बदलापूर फास्ट

अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांच्या गोळ्यांवर एवढी चर्चा! इथे देशी दारूच्या दुकानापुढे बायका मोर्चे काढतात त्यावर धागा काढा.

गोडांबा

@बदलापूर फास्ट, काढा की. कोण अडवतंय? पहिला प्रतिसाद माझा.

मूळ मुद्द्याकडे. सेनेटर जॉन मकेन यांच्या बायकोचं, सिंडी मकेन यांचं नाव अजून कसं आलं नाही? कारण ते आलं की 'बिचारी बायको' ही मांडणी कोसळते. १९८८ मध्ये यांनी गरीब देशांत डॉक्टरांची पथकं नेणारी संस्था काढली. पुढच्या वर्षी पाठीच्या शस्त्रक्रिया, वर नवरा एका बचत-बँकेच्या घोटाळ्याच्या चौकशीत अडकलेला. पर्कोसेट आणि व्हायकोडिन या वेदनाशामक गोळ्यांची चटक लागली. बाहेरून मिळेनात तेव्हा आपल्याच संस्थेच्या साठ्यातून घ्यायला लागल्या, कर्मचाऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या लिहवून. १९९२ मध्ये आईवडिलांनी हटकल्यावर थांबल्या. पुढे केंद्रीय अमली पदार्थ खात्याची चौकशी झाली, खटला टळला, उपचार आणि समाजसेवेवर भागलं. जाहीर कबुली १९९४ मध्ये, प्रकरणाची कागदपत्रं बाहेर यायच्या बेतात असताना, निवडक पत्रकारांना बोलावून.

आता सांगा, हे खाजगी? आफ्रिका-आशियातल्या रुग्णांसाठीचा तो साठा होता. सेनेटरची बायको नसती तर एवढ्यावर सुटली असती? मला नाही वाटत. पत्रकारांनी खणलं ते बरोबरच केलं.

अर्धवट वकील

गोडांबांनी बोट बरोबर ठेवलं. व्यसन खाजगी, चोरी सार्वजनिक. दोन्ही एका बाईच्या अंगी असलं म्हणून एक होत नाही. साठ्यातल्या गोळ्या कुणी घेतल्या, चौकशी सौम्य का झाली, हे जरूर विचारा. ती रात्री किती वाजता रडायची, हे विचारू नका. आपले वार्ताहर नेमकं उलटं करतात.

अवांतर, पण उपयोगी: आपल्याकडे यावर कायदा आहे आणि तो फार कुणी वाचलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीसुद्धा येतात. कलम २४ म्हणतं, उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही. 'अमुक साहेबांच्या पत्नी तमुक केंद्रात' ही बातमी केंद्रातल्या कुणी फोडली तर तो कायदेभंग आहे. साहेब लोकप्रतिनिधी असले तरी बाई रुग्णच.

खोडरबर

@अर्धवट वकील, कायदा ठीक, पण गुपचूप ठेवल्याने बाई वाचते हा भ्रम आहे. मेमी आयझेनहॉवरचं बघा. राष्ट्राध्यक्षाची बायको, चालताना तोल जायचा, काहीतरी धरून चालायची. दारूडी म्हणून गावभर बोभाटा. प्रत्यक्षात कानाच्या आतल्या भागाचा आजार होता, मेनियरचा. कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून लोकांनी बाटली हातात दिली ती कायमची. गप्प बसलात की तुमची गोष्ट दुसरे लिहितात.

शेवंती

या उदाहरणाचा अर्थ मला उलटा लागतो. बाई जरा लडखडली की लोकांना पहिली दारूच का सुचली?

आणि नवरे? ब्रिटनच्या मार्गारेट थॅचरबाईंचे यजमान डेनिस थॅचर बघा. एका व्यंगपाक्षिकात वर्षानुवर्षं त्यांच्या नावाने लटकी पत्रं छापून यायची. जिन, गोल्फ, पुन्हा जिन. देश खो-खो हसला. पंतप्रधानीणबाईंचा नवरा पितो म्हणजे तो रंगेल म्हातारा. पंतप्रधानांची बायको पिते म्हणजे घराचं वाटोळं. तळघर, तुझ्या धाग्यात ही बाजू नाही म्हणून जरा रागच आला.

तळघर

कान पकडले. घालायला हवी होती.

ब्रुकलाइनची मावशी

मी बॉस्टनच्या बाजूला अठ्ठावीस वर्षं राहते, म्हणून लिहिते. डुकाकिस मंडळी आमच्याच गावातली. गव्हर्नर असताना माईक ट्रामने ऑफिसला जायचे हे इथे अजून लोक कौतुकाने सांगतात. आणि किटीची आठवण इथे 'गोळ्या खाणारी' अशी नाही, हे तुम्हाला लिहायचं होतं. दारू सुटली तरी नैराश्य सुटेना, तेव्हा २००१ पासून त्यांनी विजेचे उपचार घेतले. 'शॉक' म्हटलं की आपण सिनेमातलं बघून घाबरतो, तेच. त्यावर त्या उघड बोलल्या, पुस्तक लिहिलं, घरी आधारगट बोलवायच्या. माझ्या ओळखीची एक बाई त्या बैठकांना जाऊन आली होती. म्हणाली, सोफ्यावर बसून नुसतं ऐकत होत्या, मध्ये उठून सगळ्यांना पाणी दिलं. २००७ मध्ये बायकांसाठीच्या एका व्यसनमुक्ती केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

तळघर, तुझा हिशेब १९८७ ते ८९ एवढाच आहे. बाई त्यानंतर पस्तीस वर्षं जगली, ती स्वतःच्या वेळापत्रकाने.

गोडांबा

+१ मावशी. तरीही १९८८ च्या त्या वादसभेचा विषय काढतोच. १३ ऑक्टोबर, पहिलाच प्रश्न, पत्रकार नवऱ्याला विचारतो: किटीवर बलात्कार करून तिचा खून झाला तर गुन्हेगाराला फाशी द्याल का? नवऱ्याने थंडपणे फाशीविरोधाची आकडेवारी दिली आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले, भावनाच नाहीत याला! प्रश्नातल्या बाईचं काय, हे किती जणांनी विचारलं? छाननी म्हणतात ती ही. बाईचा नुसता दाखला केला.

सातबारा

मी सहसा वाचूनच जातो. आज लिहितो.

तालुक्याच्या गावातलं घर. माझे चुलते सभापती होते, कुठले ते सोडा. काकू झोपेच्या गोळ्यांवर होत्या. मेडिकलवाला चिठ्ठी मागायचा नाही, साहेबांच्या घरचं म्हटल्यावर कोण मागतो? कार्यकर्त्याचा पोरगा मोटारसायकलवर जाऊन दोन पट्ट्या आणायचा, वहीवर लिहून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू पाटावर बसल्या त्या तिथेच कलंडल्या. हातातली कुंकवाची कोयरी सतरंजीवर. तीनशे बायका. काकांनी दोन मिनिटांत माईकवरून सांगितलं, वहिनींना उपवासामुळे चक्कर आलीय. विरोधी गटाच्या बायकाही 'हो हो उपवास' म्हणाल्या. पुढे महिनाभर काकू 'माहेरी' होत्या.

गावात कुठल्याच पेपरात ओळ आली नाही. तुमच्या भाषेत छाननी शून्य. त्या काळात मला वाटायचं, बरं झालं, अब्रू राहिली. आता वाटतं, त्या दिवशी एकाने जरी उघड लिहिलं असतं तर मेडिकलवाला घाबरला असता. पुढच्या संक्रांतीपर्यंत गोळ्या परत सुरू होत्या. वही तीच.

खोडरबर आणि तळघर, दोघांपैकी कोण बरोबर मला कळत नाही.

शेवंती

🙏

अर्धवट वकील

@सातबारा, मनापासून लिहिलंत. पण लिहायला हवं होतं ते मेडिकलवाल्याबद्दल, काकूंबद्दल नाही. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकणं हा गुन्हा, त्याची बातमी काकूंचं नाव न घेता होते. मी तरी तशीच केली असती.

खोडरबर

तालुक्याच्या गावात नाव न घेता? वकीलसाहेब, कधी राहिलायत का तालुक्याला? 'एका बड्या नेत्याच्या घरी' एवढं छापलं तरी दुपारच्या आत पारावर काकूंचं नाव.

सातबारांच्या प्रतिसादाने मात्र माझी एक समजूत हलली. मी उघडपणाची बाजू घेत होतो ती बेटी फोर्डच्या जिवावर. ती एवढ्या उघडपणे बोलू शकली कारण नवऱ्याची निवडणूक उरली नव्हती. तळघरचं म्हणणं तेवढ्यापुरतं मान्य.

तळघर

आणि मावशींनी माझी एक समजूत हलवली. मी वेळापत्रकाच्या बाहेरचं आयुष्य मोजलंच नव्हतं. जोन केनेडीचंही तेच करत होते. ऑगस्ट १९७८ मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर दारूबद्दल बोलली, १९८० मध्ये नवऱ्याच्या प्रचारात संसाराबद्दलचे प्रश्न झेलत उभी राहिली, जानेवारी १९८१ मध्ये घटस्फोटाची घोषणा. मला ही साखळी फार सोयीची वाटली होती. पण त्यापुढे तिची दारू सुटली नाही, २००५ मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर पडलेली सापडली. तेव्हा नवऱ्याची कुठलीही निवडणूक अडली नव्हती. तो आजारच होता, स्वतःच्या चालीने चालणारा.

@सातबारा, काकू आता कशा आहेत?

ब्रुकलाइनची मावशी

एक राहिलं. बेटी फोर्डनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात केंद्र काढलं तेव्हा निम्म्या खाटा बायकांसाठी ठेवायच्या असा आग्रह धरला. तोवर उपचार म्हणजे पुरुषांचा कारभार. पुण्यातल्या मुक्तांगणचं काम १९८६ पासूनचं, पुलंच्या देणगीवर उभं राहिलेलं, तिथेही सुरुवात पुरुष रुग्णांपासूनच झाली. तालुक्याच्या गावातून 'माहेरी' गेलेली काकू नेमकी कुठे जात होती, तिथे तिच्यासाठी खाट होती का, हे कुणी विचारलं का?

सातबारा

मावशी, खरोखर माहेरीच गेली होती. वरच्या माळ्यावरची खोली, बाहेरून कडी. मामा जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे.

तळघर, काकू आहेत. काकांचं पद गेल्यावर दोन वर्षांनी डॉक्टरकडे नेलं, नीट. तारीख तुमच्या हिशेबात बसते, म्हणून सांगायला जरा जड गेलं.