डांबर, मुरूम, कातळ, वाळू: तुमच्या पळायच्या बुटांचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात वेताळ टेकडीवरून उतरताना पाय सटकला आणि उजवा तळहात सोलवटून निघाला. वाट रोजची, ऊन कोरडं, घाई काहीच नव्हती. घरी येऊन बूट उलटा केला तेव्हा कारण दिसलं. टाचेच्या बाहेरच्या कडेचं काळं रबर झिजून आतला पांढरा फोम उघडा पडला होता. चवड्याखालच्या बारीक खाचा बोटाला लागतच नव्हत्या. बूट चांगला होता, पण डांबरी रस्त्यासाठी केलेला. मी तो मुरमाच्या उतारावर नेला, तोही ९०० किलोमीटर झाल्यावर.

"कोणते बूट घेऊ?" असं विचारलं की आपल्याकडे लगेच कंपनीचं नाव नाहीतर किंमत सांगतात. मला आता वाटतं की आधी विचारावं, पळणार कुठे? आणि मग, किती? म्हणून हा धागा काढते आहे. तुमची जमीन कोणती, आठवड्याला किती पळणं होतं, पाय कसा आहे, कोणता जोड फसला आणि कोणता जमला, ते सविस्तर लिहा. नुसती मॉडेलची नावं नकोत. नाव तेच राहतं आणि पुढच्या वर्षी सोल बदललेला असतो, हे मी दोनदा अनुभवलंय.

दादर, मुंबई

वय ५८. सोळा वर्षं पळतोय. सकाळी शिवाजी पार्क, रविवारी मरीन ड्राइव्ह आणि पुढे. आमच्याकडे आता बहुतेक रस्ते काँक्रीटचे, त्यामुळे लांब पळायला जाड, मऊ सोलच लागतो. पण माझा गुडघा दुखायचा तो काँक्रीटमुळे नव्हता, हे कळायला दोन वर्षं गेली. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. मी कायम डाव्या कडेने पळायचो, म्हणजे डावा पाय रोज थोडा खाली पडायचा. डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरायची. त्यावर मी तीन जोड बदलले, फरक शून्य. मग पहाटे रहदारी नसते तेव्हा अर्धं अंतर जिथे रस्ता सपाट आहे तिथून पळायला लागलो आणि दोन महिन्यांत दुखणं गेलं.

दोन जोड आलटून पालटून वापरतो. घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहितो. साधारण ७०० किलोमीटरला फोम मेल्यासारखा लागतो. वरून बूट नवा दिसत असतो, पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतात.

कार्बन प्लेटवाल्याबद्दल, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेल्या शर्यतीच्या बुटांबद्दल, विचारणार असाल तर सांगतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला नवाकोरा जोड घालून गेलो. पहिले २५ किलोमीटर पाय आपोआप पुढे पडत होते. परतीला पेडर रोडचा चढ आला आणि दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले. बुटाचा दोष म्हणणार नाही. त्या बुटात मी त्याआधी एकदाही लांब पळालो नव्हतो. पुढच्या वर्षी त्याच जोडात दोनदा ३० किलोमीटर पळालो, मगच शर्यतीला घातला.

बीड

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्याकडे १६०० मीटरला २० गुण आणि १०० मीटरला १५, म्हणजे ५० पैकी ३५ गुण नुसते पळण्याचे. आमच्या मैदानावर मुरूम आहे. सुरुवातीला अनवाणीच पळायचो, मग बाजारातून कॅनव्हासचे आणले. मागच्या वर्षी एका मित्राने स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, दिले. पहिल्याच दिवशी वेळ कमी आली म्हणून रोज तेच घालायला लागलो. घरापासून मैदानापर्यंतचा दोन किलोमीटरचा डांबरी रस्तासुद्धा त्यातच पळत जायचो. तीन आठवड्यांत खिळे बोथट झाले आणि नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की बोट लावू देईना. महिनाभर मैदान बंद.

आमच्या सरांनी नंतर समजावलं की सिंथेटिकचे, म्हणजे रबरी ट्रॅकसाठीचे, खिळे आखूड असतात, मुरमावर ते नीट रुतत नाहीत. तिथे थोडे लांब लागतात. आणि स्पाइक्स फक्त वेगाच्या दिवशी, आठवड्यातून एकदा. ताई, तुम्ही म्हणता तसं आधी जमीन बघावी हे आम्हाला कुणी सांगतच नाही. परीक्षेचं मैदान कुठे मुरमाचं असतं, कुठे सिंथेटिक. आमच्या जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला रौप्य आणलं, तेव्हापासून गावोगावची पोरं पळायला लागलीत. त्यांना बुटाबद्दल खरी माहिती मिळाली पाहिजे, म्हणून लिहिलं. एक विचारायचं आहे. नडगी अजून अधूनमधून दुखते, तर मऊ सोलचे घेऊ का?

नाशिक, फिजिओथेरपिस्ट

बीडच्या दादाला आधी उत्तर देते. जास्त मऊ घेतल्याने नडगी बरी होईल असं नाही. आधी स्पाइक्स पूर्ण बंद कर, साध्या बुटात हळू पळायला लाग आणि आठवड्याचं अंतर थोडं थोडंच वाढव. एका ठरावीक जागी बोटाने दाबून टोचल्यासारखं दुखत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखव, बुटांचं नंतर बघू.

आता सगळ्यांसाठी. माझ्याकडे लोक ओल्या पावलाचा फरशीवरचा ठसा बघून घेतलेले महागडे बूट घेऊन येतात. तळवा सपाट म्हणून आतून कडक आधार असलेला, कमान उंच म्हणून गादीवाला, असं वाटप दुकानात सर्रास होतं. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीच्या हजारो जवानांवर हे तपासलं गेलं. काहींना तळव्याच्या ठेवणीनुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे मी रुग्णांना सांगते की दुकानात चार जोड घाला, थोडं पळा, आणि ज्यात काहीच जाणवत नाही तो घ्या. माझ्या अनुभवात या साध्या कसोटीने फारसं कुणी फसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आकड्याने बघा, ती म्हणजे ड्रॉप. टाचेखालचा सोल चवड्याखालच्या सोलपेक्षा किती मिलिमीटर उंच, तो आकडा. नेहमीच्या बुटांत ८ ते १२, काहींत ४, काहींत चक्क शून्य. ड्रॉप कमी झाला की गुडघ्यावरचा भार थोडा घटतो आणि पोटरी व टाचेमागच्या शिरेवर वाढतो. दहाचे बूट वापरणारा माणूस सोमवारी शून्याचे घालून दहा किलोमीटर पळतो आणि गुरुवारी माझ्या दारात लंगडत येतो. बदलायचं असेल तर बदला, पण आठवड्यातून एका छोट्या पळण्यापासून सुरुवात करा आणि पुढचे दोन-तीन महिने द्या.

सातारा

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या शेवटाला असते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला जायचं आणि त्याच रस्त्याने खाली. चढावर सगळे फुफ्फुसांचा विचार करतात, बूट मारतो तो उतारावर. पाय पुढे सरकतो, अंगठा टोकाला आपटत राहतो, आणि संध्याकाळी नख काळंनिळं. लेस बांधताना सगळ्यात वरचं, घोट्याजवळचं जादा भोक असतं ना, ते बहुतेक जण रिकामं सोडतात. त्यातून लेस घालून दोन्ही बाजूंना छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. हे शिकल्यापासून माझं एकही नख गेलेलं नाही.

दुसरं, वॉटरप्रूफ बूट आपल्या पावसात घेऊ नका. आपला पाऊस वरून घोट्यातून आत येतो आणि मग बाहेर जायला वाट नसते. प्रत्येक पावलाला पचपच, आणि पाच किलोमीटरला फोड. साधा जाळीचा बूट भिजतो, पण पाणी गाळून टाकतो. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे टाळा, डांबरापेक्षा ते जास्त घसरतात. घरी आल्यावर आतला तळ काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी ते बदला. चुलीजवळ किंवा गॅसजवळ मुळीच ठेवू नका. माझ्या एका जोडाचा सोल असाच चिकटवलेल्या जागी उकलला.

नागपूर

मी पाच वर्षं चुकीच्या मापाचे बूट घालून पळाले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वापरून सैल होतील." झाले नाहीत. करंगळीला घट्टा आणि दोन नखं कायमची जाड.

मग एका मैत्रिणीने युक्ती सांगितली. बुटातला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. मी राहिले, तर करंगळी अख्खी तळाबाहेर, फरशीवर. म्हणजे पाच वर्षं माझं पाऊल त्या जाळीत कोंबलेलं होतं. लांबीचं माप बरोबर होतं, रुंदीचं नव्हतं. एक नंबर मोठा घेऊन पाहिला तर टाच निसटायला लागली. रुंदीचंही वेगळं माप असतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुरुषांत नेहमीचं डी, रुंद टूई. बायकांत नेहमीचं बी, रुंद डी. एसिक्स आणि न्यू बॅलन्स रुंद जोड काढतात, पण इथे दुकानात बायकांचे मिळणं कठीण. मी सरळ पुरुषांचा जोड घेतला. आता तिसरा चालू आहे.

बायांनो, संकोच करू नका. पुरुषांच्या कप्प्यात जाऊन पाय घालून बघा. खरेदी संध्याकाळीच करा, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि आमच्या उन्हाळ्यात तर पहाटे पाचलाही फुगलेला असतो. पळायचे मोजे सोबत न्या. यूके आणि यूएस नंबरांत गोंधळ होतो, म्हणून पेटीवरचा सेंटीमीटरचा आकडा बघा.

मिरामार, पणजी

वाळूवर मी अनवाणी पळतो, पण ओहोटीलाच, ओल्या घट्ट पट्ट्यावर. कोरड्या भुसभुशीत वाळूत तीन किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचे सहा, पोटऱ्यांच्या हिशेबाने. किनाराही समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे दादरच्या काकांनी लिहिलंय ते इथेही लागू. जेवढं एका दिशेने तेवढंच परत. पहिले दोन महिने दर आठवड्याला दोनदा, दहा-दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. शिंपले बघत पळावं लागतं. रस्त्यासाठीचे बूट खाऱ्या पाण्यात नेऊ नका.

वारजे, पुणे

सिंहगड-राजगड-तोरणा वाटेवर पळणाऱ्यांसाठी. डिसेंबरात तिथे चिखल नसतो. सुकलेलं गवत, सुटी खडी आणि उतारावर घसारा. तिथे सोलखाली ४-५ मिलिमीटरचे दाते हवेत. पण त्याच बुटांनी मी जुलैत ओल्या कातळावर गेलो आणि बर्फावरून जावं तसा घसरलो. कारण नंतर लक्षात आलं. दाते जितके खोल आणि विरळ, तितकं कातळाला टेकणारं रबर कमी. ओल्या खडकावर रबराचा मऊपणा कामाला येतो, दात्यांची खोली नाही. दुकानात मी आता अंगठ्याचं नख सोलमध्ये रुतवून बघतो. हिरवं शेवाळ असेल तर मात्र कुठलाच बूट धरत नाही. तिथे बसून उतरायचं.

टाचेखाली फार उंच आणि अरुंद सोलही डोंगरात नको. घोटा मुरगळला तर राजगडाच्या बाजूला मदत यायला तास जातात.

ठाणे

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची शर्यत धावलोय, पीटरमारित्सबर्गहून डर्बनला, म्हणजे डाउन रन. जवळपास ९० किलोमीटर, बारा तासांची मर्यादा, सगळा डांबरी रस्ता. नाव डाउन असलं तरी आधी भरपूर चढ आहे. उत्तरार्धात फील्ड्स हिलचा तीनेक किलोमीटरचा उतार येतो, तेव्हा मांड्या आधीच संपलेल्या असतात. इतक्या अंतरावर वेगाचा बूट माझ्या कामाचा नव्हता. जाड, स्थिर, रुंद चवड्याचा, नेहमीपेक्षा एक माप मोठा घेतला. पन्नास किलोमीटरनंतर पाय इतका फुगला की ते जादा माप पुरतं भरलं. सरावात तोच जोड घालून येऊरचा रस्ता पन्नासेक वेळा उतरलो होतो.

टोरंटो

इथे जानेवारीत फूटपाथवर पातळ पारदर्शक बर्फ असतो, डोळ्यांना नुसता ओला रस्ता दिसतो. बारीक धातूचे खिळे बसवलेले बूट घेतले आहेत, रोज नाही, तशा दिवसांपुरते. मोकळ्या काँक्रीटवर ते कर्कश वाजतात आणि लवकर झिजतात. साताऱ्याच्या दादांचं वॉटरप्रूफबद्दलचं म्हणणं तिकडे अगदी खरं आहे. इथल्या भुरभुरीत बर्फात मात्र मला तेच बरे पडतात, कारण ओले मोजे आणि उणे १५ तापमान एकत्र चालत नाही.

बीड

नाशिकच्या ताई, आभार. नडगी डॉक्टरांना दाखवली, तडा नाही म्हणाले. स्पाइक्स मित्राला परत दिले. बाराशे रुपयांचे साधे सपाट बूट घेतलेत, आतला तळ काढून वर उभा राहून बघितला, करंगळी आत होती. आज सहा फेऱ्या हळू मारल्या, दुखलं नाही. परीक्षेचं मैदान कोणतं ते कळलंय. उद्या पहाटेच्या एसटीने जाऊन मुरूम आहे का सिंथेटिक ते बघून येतो.