विषय: ‘ब्लॅक सेल्स’ – चार भाग पाहून

नमस्कार मंडळी,

सध्या गोव्यात बेतीला आईकडे आहे. पाऊस असा लागलाय की बाहेर पडायची सोय नाही. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी वर्षभर डोकं खाल्लेली ती चाच्यांची मालिका शेवटी लावली.

पहिले दोन भाग कंटाळवाणे. १७१५ सालचं बहामा बेटांतलं नॅसॉ, दारू, उघडीवाघडी माणसं, स्पॅनिश जहाज ‘उर्का दे लिमा’च्या मार्गाचं चोरलेलं पान आणि अंधारातली अखंड कुजबुज. कप्तान फ्लिंटला खलाशी मतं घेऊन खाली खेचू पाहतात, तेवढं आवडलं. (आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने पाहावं.)

चौथ्या भागात मात्र उठून बसलो. जहाज किनाऱ्यावर घेऊन दोरांनी कलतं करतात आणि तळाचं शेवाळ, शिंपले खरवडतात. इथे एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मालीमच्या जेटीवर ट्रॉलर दाटीने उभे आहेत. आजोबा याच दिवसांत होडी वर ओढून तळ घासायचे. तळ घाण झाला की होडी जड चालते, आणि चाच्याचा वेग गेला की त्याला ना पाठलाग करता येतो ना पळता. आई जपमाळ घेऊन शेजारी बसली होती. मान वर करून म्हणाली, “ही दोरी धरची ना रे.” (धरणार नाही.) आणि दोन मिनिटांत जहाज घसरलंच! खाली माणसं.

– बेतीहून

---

अरे बाळा,

मजा आली. पण एक सांगतो. त्याच काळात आपले सरखेल कान्होजी आंग्रे अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर होते, आणि इंग्रज त्यांना चाचाच म्हणत. तू बसलायस त्या गोव्यातून पोर्तुगीज लोक इतरांच्या जहाजांना कार्ताझ, म्हणजे त्यांचा समुद्रपरवाना, घ्यायला लावत. विना परवाना जहाज त्यांनी धरलं तर तो कायदा, आणि आंग्र्यांनी दस्तक, म्हणजे आपला परवाना, मागितलं तर चाचेगिरी! १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

– काका, लंडन

---

काका, कार्ताझचं अगदी खरं. मालिकेतही खरं-खोटं मिसळलंय. वेन, रॅकहम, अ‍ॅन बॉनी ही माणसं खरोखर होऊन गेली. फ्लिंट आणि सिल्व्हर स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीतले. १७१५ च्या जुलैत फ्लोरिडाजवळ वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यात उर्काही होती. नॅसॉला गव्हर्नर आला तो १७१८ मध्ये, तोवर चाच्यांचंच राज्य.

आता आई रोज विचारते, पाचवा भाग कधी लावतोस. ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपा करून कळवा, तिच्यासमोर कुठून कुठपर्यंत पुढे ढकलायचं. मिनिटांसकट.