कुत्र्याला मी शिकवते, रूममेट बिघडवते. मदत हवी आहे

झुळूक
वैताग आलाय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. तीन आठवडे राबून मी त्याला शिकवलं की अंगावर उड्या मारायच्या नाहीत, सोफ्यावर चढायचं नाही आणि कुणी जेवत असताना ताटाशी यायचं नाही. माझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो. रूममेट आली की सगळं पाण्यात. ती दारातून आत पाऊल टाकते, हा तिच्या छातीपर्यंत झेपावतो आणि ती "अरे माझं बाळ ते" करत त्याचे कान चोळत बसते. दहा वेळा सांगून झालं. "हो हो" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तेच. काल तर तिच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून ताटात डोकावत होता.

तिला कसं वठणीवर आणू? की कुत्र्यालाच असं काही शिकवता येतं की त्याने तिच्याकडे लक्षच देऊ नये? "तिच्याशी बोलून बघा" सोडून काहीही सांगा, ते करून झालंय. आणि जरा लवकर सांगा, शनिवारी पाहुणे येणार आहेत.

सांजवात
वय किती? जात कोणती? नर की मादी? नसबंदी झाली आहे का? किती दिवसांपासून घरात आहे? आणि कुत्रा कुणाचा आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर मात्र लवकर हवंय.

रानभूल
रूममेट म्हणजे मैत्रीण, बहीण की नवरा? (नवऱ्याला रूममेट म्हणणाऱ्या आयडी इथे आहेत म्हणून विचारलं.)

झुळूक
@सांजवात, वयाचा काय संबंध? बरं, नऊ महिन्यांचा आहे. नर, मिश्र जातीचा, 18 किलो. नाव बंड्या. @रानभूल, रूममेट म्हणजे रूममेटच हो.

सांजवात
वयाचा संबंध कसा नाही? नऊ महिने म्हणजे ऐन वांडपणाचं वय. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हे चालतं, मोठ्या जातींत त्याहूनही लांबतं. काल पाठ असलेलं आज येत नाही. सगळं खापर रूममेटच्या डोक्यावर फोडू नका. बाकीचे प्रश्न तसेच राहिले.

कडककाका
40 वर्षं कुत्री पाळतोय. कुत्रा कळपातला प्राणी आहे. घरात म्होरक्या कोण हे त्याला कळलं नाही की तो स्वतःच म्होरक्या होतो. आधी तुम्ही जेवा, मग त्याला वाढा. दारातून आधी तुम्ही, मग तो. आणि उडी मारली की छातीत गुडघा. दोन वेळा बसला की तिसऱ्यांदा मारत नाही.

मोहरीचं_फूल
काका, गुडघा नको. नऊ महिन्यांच्या पोराची अजून हाडंसुद्धा पक्की झालेली नसतील. वर त्यातून तो शिकेल ते एवढंच, की माणूस दारात आला की दुखतं. मग उड्या थांबतील आणि गुरगुरणं सुरू होईल.

म्होरक्याचं म्हणाल तर ती कल्पना मुळात कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक शेंकेल यांनी 1947 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं होतं. एकमेकांना अनोळखी जनावरं एका आवारात टाकली की मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे "अल्फा" (म्हणजे म्होरक्या) हा शब्द घराघरांत गेला, आणि त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, बाकी काही नाही.

कडककाका
आमच्या कुत्र्यांनी मेक वाचला नव्हता. नीट वागली.

उनाड_पाऊस
मांजर पाळा. ती कुणाचंच ऐकत नाही, त्यामुळे भांडण नाही.

रानभूल
+1 😀

मोहरीचं_फूल
@झुळूक, मूळ प्रश्नाकडे येते. बंड्या काहीही विसरलेला नाही. उलट त्याने दोन धडे चोख पाठ केलेत: झुळूकसमोर चालत नाही, रूममेटसमोर चालतं. माणसागणिक नियम वेगळा असतो हे कुत्र्यांना छान कळतं. आमच्या घरी सासऱ्यांच्या खुर्चीपाशीच लाळ गळते, माझ्या खुर्चीशी कधीच नाही. माझ्याकडून आजवर कण मिळालेला नाही ना.

घोळ होतो तो एकच माणूस दोन तऱ्हेने वागला की. ती सोमवारी लाड करते, मंगळवारी ऑफिसचे कपडे आहेत म्हणून ओरडते, असं आहे का? तसं असेल तर उड्या जास्तच चिवट होतात. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर हेच पाहिलं होतं. टोच मारली की दर वेळी दाणा मिळत होता तो बंद केला की पक्षी लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळत होता, तर दाणे पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोच मारत राहतो. जुगाराचं यंत्र ह्याच तत्त्वावर चालतं. दहातल्या दोन उड्यांना कान चोळून मिळाले, तर बंड्याच्या हिशेबात अकरावी उडी मारणं फायद्याचंच.

अजून एक. तिने खरंच लक्ष देणं थांबवलं तरी पहिले काही दिवस तो दुप्पट उड्या मारेल, भुंकेल, बाही ओढेल. दिवा विझताना भडकतो तसं. नेमक्या त्याच वेळी माणूस हरतो आणि "बरं, ये" म्हणतो, आणि मग त्या दुप्पट जोराच्या उडीलाच बक्षीस मिळतं.

झुळूक
हो!! ऑफिसला जाताना अंगावर आला की चिडते आणि संध्याकाळी स्वतःच टाळ्या वाजवून बोलावते. पण त्याला चूक कळते हो. सोफ्यावर चढलेला असताना मी खोलीत आले की कान पाडून असा चेहरा करतो की बास. म्हणजे कळतं, तरी करतो. हा हट्टीपणाच नाही का?

मोहरीचं_फूल
त्या चेहऱ्यावर जाऊ नका. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये याचीच परीक्षा घेतली होती. कुत्र्याने खाऊ खाल्ला आहे की नाही याबद्दल मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं. मालक रागावला की अपराधी चेहरा यायचा, मग कुत्र्याने खाल्लेला असो वा नसो. बंड्या तुमच्या कपाळावरच्या आठ्या वाचतोय.

गुळवेल
ताटातलं काही देत असाल तर सांगून ठेवते, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम तर थोडंसंही घातक. आणि ट्रीट दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा. माझ्याकडच्या लॅब्रॅडॉरचं वजन एवढं वाढलं होतं की डॉक्टरांनी मलाच झापलं.

झुळूक
@गुळवेल, हे मी विचारलंच नव्हतं, पण धन्यवाद. बेदाण्यांचं खरंच माहीत नव्हतं.

पाटीपेन्सिल
एक विचारू? तुम्ही दोघी त्याच्याशी नेमक्या कोणत्या शब्दांत बोलता? एक संध्याकाळ कागद घेऊन बसा आणि दोघींच्या तोंडून जे निघेल ते जसंच्या तसं उतरवा. "मी त्याला बसायला सांगते" असं नको. शब्द हवेत.

कडककाका
शब्दांनी काय होतंय? आवाजात जरब पाहिजे.

सांजवात
पुन्हा विचारते. कुत्रा कुणाचा आहे?

झुळूक
@पाटीपेन्सिल, खूळ वाटलं होतं, पण केलं. आता स्वतःचीच लाज वाटतेय.

मी: बसायला "बस". पोटावर आडवं व्हायला "खाली". सोफ्यावरून उतरायलाही "खाली". (हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) फिरायला निघताना "चल".

ती: तो उड्या मारत असताना हसत हसत "बस बस बस, पुरे रे", आणि वर पाठ थोपटणं. जवळ बोलवायला "चल चल चल". सोफ्यावरून उतरवायला "ऊठ". ताटापासून हाकलायला "जा बस तिकडे", आणि हे म्हणताना हातात घास.

साडेसात ते दहा या वेळात तिने "बस" 23 वेळा म्हटलं. बंड्याने खाली बसावं म्हणून एकदाही नाही, "जा बस तिकडे" मोजलं तर दोनदा. नंतर ती फोनवर कुणाला तरी "ए, बस कर गं" म्हणाली. बंड्या गालिच्यावर लोळत होता. तो उठला आणि तिच्यासमोर येऊन व्यवस्थित बसला. शेपूट जमिनीवर घासत होती. तिचं लक्षच नव्हतं. मी कागदावर लिहीत होते. थोडा वेळ वाट बघून तो परत लोळायला गेला.

मोहरीचं_फूल
अरे देवा. बिचारा.

रानभूल
इथे मात्र डोळ्यांत पाणी आलं.

पाटीपेन्सिल
मला हीच शंका होती. आपल्या भाषेत "बस" म्हणजे बूड टेकव आणि "बस" म्हणजे पुरे. दिवसातून पन्नास वेळा तोंडातून जातो. ती तो शब्द सोडणार नाही, तुम्हीही नाही. म्हणून तुमचा शब्द बदला. रोजच्या बोलण्यात न येणारा घ्या, उदाहरणार्थ "टेक". उतरायला "उतर", आडवं व्हायला "लोळ". तिला नवे शब्द पाठ करायला लावू नका, हाताची खूण शिकवा. तळहात वर, हात खालून वर. कुत्री हातवारे भराभर पकडतात, बऱ्याचदा शब्दांपेक्षा लवकर. आणि बूड टेकताक्षणी खाऊ, एक-दोन सेकंदांच्या आत. डबा शोधायला गेलात की तोवर तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं.

दाराचं असं करा. तिला "लाड करू नकोस" सांगू नका, दिवसभर काम करून आलेल्या माणसाला ते जमत नाही. तिला काहीतरी करायला द्या. दाराबाहेर खाऊचा लहान डबा टांगा. आत येताना तिने मूठभर दाणे जमिनीवर टाकायचे. नाक जमिनीला लागलं की उडी मारता येत नाही. चारही पाय खाली असताना मग हवे तेवढे कान चोळू दे.

शनिवारी मात्र शिकवायला जाऊ नका. पाहुणे येताना पट्टा लावा किंवा आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा, गडबड निवली की बाहेर आणा.

कडककाका
"टेक"! उद्या म्हणाल कुत्र्यासाठी वेगळी भाषा काढा. डब्याचं बरं आहे पण.

सांजवात
तिसऱ्यांदा विचारतेय. कुत्रा कुणाचा?

झुळूक
तिचा. पण ती सकाळी नऊला जाते ती सातला उगवते. मी घरून काम करते. दिवसभर त्याची शी-शू, फिरवणं, चावलेल्या चपला, सगळं माझ्याकडे. सोफा पण माझा आहे.

रानभूल
म्हणजे आतापर्यंत आम्ही ज्या बाईला वठणीवर आणायचे उपाय सुचवत होतो, ती मालकीण आहे? 😮

सांजवात
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तिच्या कुत्र्यावर तुम्ही तिला न विचारता नियम बसवलेत, आणि ती ते मोडते अशी तक्रार करताय.

झुळूक
न विचारता नाही. सांगितलं होतं.

सांजवात
सांगणं आणि विचारणं यात फरक आहे.

मोहरीचं_फूल
सांजवात, अर्धवट बरोबर. कागदावर कुत्रा तिचा असेल, पण दिवसाचे दहा तास तो जिच्याकडे असतो तिलाही म्हणणं असणारच. फुकटात सांभाळून घ्यायचं आणि वर नियमही मोडायचे, हे मला नाही पटत.

पाटीपेन्सिल
दोघी भांडू नका. झुळूक, तुमचे नियम तीन आहेत आणि तिन्हींचे धनी वेगळे आहेत. सोफा तुमचा, तिथे तुमचं चालावं. ताट तिचं. तिला कुत्र्याचं तोंड ताटात चालत असेल तर चालू द्या, तो फक्त तिच्याशीच जाईल (गुळवेल यांची यादी तेवढी फ्रिजवर लावा). उड्यांचा त्रास तिसऱ्या माणसाला होतो, 18 किलो अंगावर येतात. भांडायचंच तर त्या एकावर भांडा.

उनाड_पाऊस
अवांतर: माझी मांजर काल तीन तास कपाटावरून उतरली नाही. "खाली" म्हणून बघितलं, "उतर" म्हणून बघितलं.

झुळूक
पाहुणे येऊन गेले. आल्या आल्या आतल्या खोलीत ठेवलं होतं, अर्ध्या तासाने पट्ट्यावर बाहेर आणलं. एका आजींवर झेपावला, पण पट्टा होता म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा मी हात वर केला तर बसला. चार सेकंद. मग पुन्हा उठला, पण चार सेकंद बसला.

डबा बुधवारपासून दाराबाहेर टांगलाय. ती रोज दाणे टाकते, टाकताना "बस बस बस" म्हणतेच. परवा डबा रिकामा होता तर पर्समधलं बिस्किट कुस्करून टाकलं म्हणे. कागदावरचं 23 तिला वाचून दाखवलं. आधी हसली. मग फोनचा किस्सा सांगितला तर गप्प झाली आणि उठून त्याला खाऊ देऊन आली. आता कशाबद्दल देतेयस, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

सोफ्याचं अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणते चादर टाकू.

सांजवात
चादर चालेल. नसबंदीचं पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, ते अजून राहिलंय.