शब्दचर्चा: 👻 ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

प्रश्न

मंडळी, एक शंका आहे. ते पांढरं, जीभ बाहेर काढलेलं भूत हल्ली लोक कुठेही टाकतात. भाचीच्या इन्स्टाच्या बायोमध्ये तिच्या आयडीच्या आधी तेच आहे, एका मैत्रिणीने नुसतं "तो मुलगा साखरपुड्याचं बोलल्यापासून 👻" एवढंच लिहून पाठवलं, आणि गावच्या ग्रुपवर सर्वपित्री अमावस्येला कोणीतरी हेच टाकलं तर एक काका जाम चिडले. याचे अर्थ तरी किती आहेत? आणि मराठीत याला सरळ भूतच म्हणायचं का?

उत्तर 1

तिन्ही वेगळे अर्थ आहेत. भाचीचं भूत म्हणजे स्नॅपचॅट, पुढे लिहिलंय तो तिचा तिथला आयडी, भीतीबितीशी काही संबंध नाही. ते ॲप 2011 ला आलं, पाहिलेला फोटो गायब होतो हीच त्याची मूळ कल्पना म्हणून लोगोत भूत, आणि 2017 ला त्यांनी नकाशा आणला तेव्हा स्वतःचं ठिकाण लपवायच्या सोयीलाही घोस्ट मोडच नाव दिलं. मैत्रिणीचं म्हणजे घोस्टिंग, बोलणं छान चालू असताना समोरच्याने काही न सांगता उत्तर देणंच बंद करायचं. हा अर्थ इतका रुळला की 2017 मध्ये मेरियम-वेबस्टरच्या कोशातही आला. आपण यासाठी "गुल झाला", "गायब झाला" म्हणतोच, पण त्यात दगा दिल्याचा भाव थोडा कमी पडतो असं मला वाटतं.

आता काकांचं. काका का चिडले ते मला पटतं, पण त्यासाठी आधी चित्र नीट बघायला पाहिजे. हे मूळचं जपानी मोबाइलवरच्या चित्रांतून आलेलं, 2010 मध्ये युनिकोड 6.0 मध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठी एकच असलेल्या अक्षरचिन्हांच्या यादीत, सगळ्या जगाला मिळालं. युनिकोडच्या यादीत त्याच्या अगदी आधी लाल तोंडाचे दोघं आहेत ना, ते जपानी लोककथांमधलेच, ओनी आणि तेंगू. भुताचं रूप मात्र जपानी नाही, ते पांढऱ्या चादरीचं आहे आणि ती चादर म्हणजे युरोपातलं कफन. इंग्लंडमध्ये गरीब माणसाला शवपेटी परवडायची नाही, नुसतं कफनात गुंडाळून पुरायचे, त्यामुळे मेलेलं माणूस परत आलं तर तसंच दिसणार अशी लोकांची समजूत. ही समजूत किती पक्की होती बघा, 1804 साली लंडनजवळ हॅमरस्मिथला भुताची अफवा पसरलेली असताना थॉमस मिलवूड नावाचा गवंडीकाम करणारा माणूस कामाच्या पांढऱ्या कपड्यांत घरी निघालेला, तर फ्रान्सिस स्मिथने त्याला भूत समजून गोळी घातली आणि तो बिचारा मेला. खटला झाला, स्मिथला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती एक वर्षाच्या सक्तमजुरीवर आली. म्हणजे जी चादर पाहून लोक बंदूक उचलायचे तीच आज जीभ काढून, एक डोळा बारीक करून, हात वर करून भॉक करतेय. या चित्रातली भीती पार निघून गेलीय.

म्हणून माझं मत असं की याला मराठीत जवळचा शब्द बागुलबुवा. बागुलबुवाला गाव नाही, घर नाही, तो कशाने मेला ते कोणी विचारत नाही, त्याचं काम फक्त दचकवणं. आपली बाकीची भुतं अशी नाहीत हो. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंधाचा जीव पुरून ठेवलेल्या धनात अडकलेला. गिऱ्हा पाण्यात ओढतो. प्रत्येकाला राहायची जागा आहे आणि बहुतेकांचं काहीतरी राहून गेलंय. मला तर ही नावं म्हणजे गावाने ठेवलेली नोंद वाटते, कोण अकाली गेलं, कोणाचं करायचं राहिलं याची. किती बायका बाळंतपणात जात असतील की त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागला! तर सर्वपित्रीला, ज्या दिवशी आपण आपल्या माणसांना पान वाढतो त्या दिवशी, जीभ काढलेलं चित्र टाकलं तर घरातलं कोणी नुकतंच गेलेलं असेल त्याला लागणारच. ग्रुपवर तेवढं भान पाहिजे.

अजून एक जागा जिथे हे टाकूच नये. एखाद्या बाईला "बाहेरचं झालंय" म्हणून बाबाकडे नेलं, मारलं अशा बातमीखाली लोक हे टाकून हसतात. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोराने-साखळीने बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे भूत नाहीये, मार खाणारी बाई आहे.

उत्तर 2

बागुलबुवा नाही पटला. बागुलबुवा मोठ्यांचा असतो, जेवत नाहीस तर येईल म्हणून धाक दाखवायला, आणि तो कधी दिसत नाही. हे भूत पोरांनी पोरांना दाखवायचं आहे. आम्ही लहानपणी गोधडी डोक्यावरून घेऊन भावंडांना घाबरवायचो, ते हे. त्याला आम्ही भूतच म्हणायचो, आणि भूत शब्द काय फक्त मेलेल्यासाठी नाहीये, भूतदया, पंचमहाभूतं, भूतकाळ सगळीकडे तोच. अभ्यासाचं भूत चढतं, क्रिकेटचं भूत उतरतं. एवढा लवचिक शब्द असताना दुसरा कशाला?

आणि हडळ तर हे नक्कीच नाही, काही जण मैत्रिणींच्या फोटोखाली तसं लिहितात ते फार वाईट दिसतं. हडळ ओळखायची उलट्या पावलांवरून, याला पावलंच नाहीत.

उत्तर 3

मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे कृपा करून वेताळाला हे चित्र लावू नका, शाळेच्या ग्रुपवर एकाने लावलेलं म्हणून सांगते. घाटावर वेताळ म्हटलं की भुतांचा राजा एवढंच डोक्यात येतं, पण आरवलीचा वेतोबा हा आमचा देव आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, नवस फेडायला केळ्यांचे घड देतात. गोव्यातही बेताळ देवच. देवचार पण तसाच, राखणदार, त्याचं नाव सुद्धा रात्री जपून घेतात. भीती असते, पण ती घरातल्या मोठ्या माणसाची असते तशी. या चित्रातल्या भुताशी त्याचं काहीच नातं नाही.

चकव्याला मात्र हे चालेल असं मला वाटतं. रात्री चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, आता मॅप लावून गाडी तीनदा त्याच वडापाशी आली की आमची पोरं "चकवा" लिहून हेच पाठवतात, आणि ते वाचून कोणालाच वाईट वाटत नाही.

उत्तर 1 ची पुरवणी

गोधडीचा मुद्दा मान्य, भूतच म्हणू. चकवा फारच आवडला. घोस्टिंगला पण "चकवा दिला" म्हणता येईल का? हूल दिली, चकवलं असं आपण म्हणतोच की. विदर्भ, खानदेशातल्या लोकांनी त्यांच्याकडे बोलता बोलता गायब होणाऱ्याला काय म्हणतात तेही लिहा, आणि अळवंत हा शब्द तिकडे कोणी ऐकलाय का तेही.