बोटाने चालणारा संगणक: सोय की पांगुळगाडा?

कोरी पाटी
आईला माउस शिकवण्यात मी दोन आठवडे घालवले होते. डबल क्लिक काही केल्या जमेना. दोन क्लिकच्या मध्ये हात इतकासा हलायचा आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी सरकून भलतीकडे जाऊन बसायचा. "मी काही मोडलं का गं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. आता तिच्या हातात टॅब्लेट आहे. परवा नातवाचा फोटो आला, तिने काचेवर दोन बोटं फाकवून चेहरा मोठा केला आणि म्हणाली, "वरचा दात आला की याला!" हे मी शिकवलं नव्हतं, नातीचं बघून ती शिकली.

माउस हा मधला दलाल होता. हात टेबलावर, नजर पडद्यावर आणि दोघांचा मेळ घालणारा एक बाण. माउसचा जनक डग्लस एंगलबार्ट याने १९६८ साली तो जाहीरपणे दाखवला, १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासोबत तो सामान्य ग्राहकापर्यंत आला, आणि आपण सगळ्यांनी ती कसरत अंगवळणी पाडून घेतली. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या कामाचा संगणक यापुढे बोटाचाच असेल आणि तसाच असायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

टाकबोरू
आईंचा आनंद खरा आहे, पण निष्कर्ष पटला नाही. सोपं झालं ते बघणं. करणं तितकं सोपं झालेलं नाही.

एखाद्या मोठ्या परिच्छेदातला अर्धाच शब्द बोटाने निवडून बघा. जे अक्षर हवंय तेच बोटाखाली झाकलं जातं. बाणाचं टोक एका ठिपक्यावर टेकतं, बोट मात्र अख्खी ओळ व्यापतं. म्हणून बटणं मोठी करावी लागतात, मोठी केली की पडद्यावर कमी मावतात, आणि उरलेली कामं कुठे जातात? दाबून धरा, कडेवरून सरकवा, तीन बोटांनी ओढा. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. जुन्या मेनूत निदान सगळं लिहिलेलं असायचं, वाचत वाचत शिकता यायचं.

विंडोज ८ आठवा. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने बोटाच्या सोयीसाठी पडद्याची मांडणीच बदलली, स्टार्ट बटण काढून टाकलं, लोक वैतागले, आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.

शेवंती
टाकबोरू, तो दोष स्पर्शाचा नव्हे, जागेचा. उभ्या पडद्यासमोर हात उचलून काम केलं की खांदा भरून येतो. एचपीने १९८३ मध्ये स्पर्शाने चालणारा टेबलावरचा संगणक आणला होता, त्यालाही हीच अडचण होती. २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड आल्यावर पडदा मांडीवर, तळहातावर आला. आधी हात पडद्याकडे न्यावा लागायचा, आता पडदा हाताकडे येतो. विंडोज ८ ने मांडीवरची रीत टेबलावर लादली, म्हणून ते फसलं.

खडू-फळा
मी शिकवतो. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीला विचारलं, "फाइल कुठे सेव्ह केलीस?" ती म्हणाली, "ॲपमध्ये." म्हटलं, ॲपमध्ये कुठे? तिला प्रश्नच कळेना, आणि यात तिची चूक नाही. तिच्या उपकरणाने फोल्डर ही गोष्ट तिला कधी दाखवलीच नाही. आयपॅडवरसुद्धा 'फाइल्स' हे ॲप २०१७ मध्ये आलं. पुढे ते लिखाणाचं ॲप बंद पडलं आणि तिच्या तीन महिन्यांच्या टिपणांवर पाणी पडलं. रडवेली होऊन ती समोर उभी होती आणि मला तिला काहीच देता येत नव्हतं. आपलं लिहिलेलं नेमकं कुठे आहे, त्याची प्रत कशी काढायची, ते दुसऱ्या ठिकाणी कसं न्यायचं, हे माहीत नसेल तर ते आपलं कसं म्हणायचं?

कानोसा
मला दिसत नाही. सपाट काचेचे फोन आले तेव्हा वाटलं, संपलं. चाचपायला एक उंचवटासुद्धा नाही. मग २००९ च्या आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. काचेवरून बोट फिरवायचं, बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो, हवं ते सापडलं की दोनदा टिचकी. संगणकावर मी शॉर्टकट पाठ करून काम चालवत होतो. इथे पहिल्यांदा कळलं की अमुक बटण वर डाव्या कोपऱ्यात आहे, तमुक अगदी तळाशी. पडद्याला जागा असते हे मला काचेने शिकवलं.

पण ॲप बनवणाऱ्याने बटणांना नावं दिली नाहीत, की नुसतं ऐकू येतं: "बटण, बटण, बटण." तेव्हा सोपं कोणासाठी, हे आधी ठरवा.

टाकबोरू
कानोसा, हा विचार मी केलाच नव्हता. मनापासून आभार.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. २०२० मध्ये आयपॅडलाच माउस आणि ट्रॅकपॅडची पूर्ण सोय द्यावी लागली. बोटाने भागत असतं तर ती कशाला दिली असती?

कोरी पाटी
टाकबोरू, गरज पडली की माउस जोडता येतो, हेच मला हवंय. सुरुवात मात्र बोटापासून व्हावी, म्हणजे घाबरून कोणी दारातूनच परत फिरणार नाही.

खडू-फळा, तुमचं वाचून मी आईला विचारलं, तुझे फोटो कुठे असतात? तिने काचेवर हात ठेवला. "इथेच, याच्यात." काच फुटली तर, असं विचारल्यावर गप्प झाली. या रविवारी बसून सगळ्या फोटोंची दुसरी प्रत काढणार आहे.

खडू-फळा
जरूर काढा. फक्त तुम्ही काढू नका, त्यांच्या हातून काढून घ्या. वेळ लागला तरी चालेल.