मदत हवी आहे : ग्रॅच्युइटी अडवली, नाशिकमधला वकील सुचवा

सिडकोकर : रिटायर होऊन चौदा महिने झाले. ग्रॅच्युइटी नाही, रजेचे पैसे नाहीत. पेन्शन चालू आहे पण तात्पुरती. चपला झिजल्या. आता सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात केस टाकणार. वकील आणि खर्च सांगा. धीर धरायचे सल्ले नकोत.

गोदाकाठ : खातं कोणतं? चौकशी चालू आहे का?

सिडकोकर : सरकारी. 33 वर्षांत साधा मेमो नाही.

बावन्नपत्ते : ग्राहक आयोगात जा. वकील लागत नाही. मला फ्रिजचे पैसे व्याजासकट मिळाले.

गोदाकाठ : अहो, फ्रिज वेगळा. सेवेच्या लाभांसाठी सरकारी नोकर ग्राहक ठरत नाही, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच सांगितलंय. राज्य सरकारचे असाल तर मॅट, म्हणजे राज्याच्या नोकरांचं न्यायाधिकरण, नाशिकवाल्यांना मुंबईला. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते.

मनमाडपॅसेंजर : पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून ठेवा. तारीख मिळतेच, जागा मिळत नाही.

पडताळणीवाला : मी लेखा शाखेतून निवृत्त. 1982 च्या पेन्शन नियमांत नियम 130 खाली ग्रॅच्युइटी रोखतात ती चौकशी किंवा खटला प्रलंबित असेल तर. तसं काही नाही म्हणता, मग जादा पगाराची वसुली असणार. सेवापुस्तकावर काय शेरा पडला?

सिडकोकर : एमएससीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा उशिरा पास झालो म्हणून वेतनवाढी काढल्या. 2 लाख 86 हजार निघतात म्हणे. माझी काय चूक? पगार मी लावून घेतला होता का?

पडताळणीवाला : हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलं! वर्ग 3 ना, लेखनिक वगैरे? रफिक मसीह प्रकरणात (2014) वर्ग 3, 4 आणि निवृत्तांकडून अशी वसुली करू नये असं स्पष्ट आहे.

कायदाकानून : एवढं सोपं नाही. वेतननिश्चितीला, जादा पैसे गेले तर परत करीन असं हमीपत्र दिलं असेल तर वसुली मान्य करणारा 2016 चा जगदेव सिंग निकाल तोंडावर फेकतात.

पडताळणीवाला : तो न्यायिक अधिकाऱ्याचा होता. लेखनिकाला कशाला लावता?

कायदाकानून : मी नाही, समोरचा वकील लावेल. भाऊ, हमीपत्रावर सही केली होती?

सिडकोकर : सगळ्यांनीच केली. वाचतो कोण?

जुनीपेन्शन : आमचं काय? 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शनच नाही. तुम्ही नशीबवान.

सिडकोकर : वेगळा धागा काढा. मॅटचा अर्ज कुठे मिळतो? पंचायत समितीतला मित्र म्हणतो तिथे घेणार नाहीत.

गोदाकाठ : पंचायत समिती? म्हणजे तुम्ही झेडपीचे?

सिडकोकर : झेडपी सरकारीच ना.

गोदाकाठ : पगाराला हो, मॅटला नाही. तुम्हाला थेट हायकोर्टात रिट याचिका. नोकरी कुठे झाली?

सिडकोकर : खानदेशात. नाशिकला मुलाकडे असतो.

मनमाडपॅसेंजर : मग पंचवटी कॅन्सल. खानदेशला हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ.

बावन्नपत्ते : संभाजीनगर म्हणा.

कायदाकानून : गावाचं नाव नंतर ठरवा. वसुलीचा आदेश हातात आहे का? तारीख, जावक क्रमांक?

सिडकोकर : आदेश कसला? बाबू तोंडी म्हणाला.

पडताळणीवाला : चौदा महिने तोंडी?! आधी लेखी मागा. सेवापुस्तकाची आणि वेतन पडताळणीच्या शेऱ्याची नक्कलही घ्या. नाही दिली तर माहिती अधिकार, 30 दिवस. रिटमध्ये आव्हान द्यायचं कशाला, बाबूच्या तोंडाला?

सिडकोकर : सोमवारी अर्ज देतो, पोच घेतो. पण वकिलाचं नाव कुणी सांगितलंच नाही.