सल्ला हवा आहे : मंदीतील सरकारी अनुदानासाठी जुनी गाडी मोडीत काढावी का?

विचारणारा :
नमस्कार. मंदीत मागणी वाढावी म्हणून जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्यांना सरकार ठरावीक रक्कम देते, त्या प्रकारच्या योजनेविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आमची गाडी जुनी असली तरी विनातक्रार चालते. घरात दोघे कमावते आहोत, मात्र एकाच्या कार्यालयात नोकरकपातीची कुजबुज सुरू आहे. अनुदान वगळता उरलेली रक्कम कर्ज काढून उभी करावी लागेल. मुदत थोडी असल्यामुळे नातेवाईक घाई करत आहेत. काय करावे?

मुद्दल-व्याज :
अनुदान नसते तर येत्या वर्षभरात तुम्ही गाडी बदललीच असती का, याचे उत्तर आधी स्वतःशी द्यावे. ते ‘हो’ असेल तर अनुदान जरूर घ्या. ‘नाही’ असेल तर केवळ सवलत आहे म्हणून कर्ज डोक्यावर घेण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत 2009 च्या उन्हाळ्यात नेमकी अशीच योजना राबवली गेली होती. जुनी, जास्त इंधन खाणारी गाडी देणाऱ्यास 3,500 किंवा 4,500 डॉलरची सूट मिळे आणि योजनेसाठी एकूण तीन अब्ज डॉलरची तरतूद होती. पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या खपल्या. परंतु आतिफ मियाँ आणि आमिर सुफी या अर्थतज्ज्ञांनी शहरवार विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा असे दिसले की ज्या शहरांत योजनेत बसणाऱ्या जुन्या गाड्या अधिक होत्या तिथे विक्री आधी उसळली आणि पुढच्या महिन्यांत तितकीच घसरली. मार्च 2010 पर्यंत जवळजवळ सगळी वाढ पुसली गेली. म्हणजे जे लोक काही महिन्यांनी गाडी घेणारच होते, त्यांनी ती थोडी आधी घेतली.

दुसरी गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. त्या योजनेत जमा झालेल्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ते कायमचे निकामी केले जाई, त्यामुळे गाडीला भंगारापलीकडे किंमत उरत नसे. तेव्हा तुमची चालती गाडी बाजारात विकून जे मिळाले असते, ते अनुदानातून वजा करा आणि भंगाराचे पैसे मिळणार असतील तर तेवढे मिळवा. येईल तोच तुमचा खरा फायदा, आणि चालत्या गाडीच्या बाबतीत तो बहुधा फारच किरकोळ निघतो.

काटकसरे :
वरील मताशी सहमत आहे. सामान्य ग्राहकाला करकपात किंवा मुदतीची व्हाउचरे (ठरावीक तारखेपर्यंत खरेदीत वापरायची सरकारी कुपने) अधिक सोयीची पडतात. ब्रिटनने डिसेंबर 2008 पासून तेरा महिने मूल्यवर्धित कर 17.5 वरून 15 टक्क्यांवर आणला होता. जर्मनीनेही 2020 च्या उत्तरार्धात तो 19 वरून 16 टक्क्यांवर आणला. विक्रेत्याने ती कपात किमतीत उतरवली, तर नेहमीच्या खरेदीतच लाभ मिळतो. तैवानने 2009 च्या जानेवारीत माणशी 3,600 तैवानी डॉलरची व्हाउचरे वाटली होती. अशी व्हाउचरे मिळाल्यास ती किराणा, औषधे अशा अटळ खर्चाला वापरावीत आणि वाचलेली रोकड बँकेत ठेवावी. (सरकारच्या मनात हे नसते, पण व्हाउचरवर तसे लिहिलेलेही नसते.)

विचारणारा :
दोघांचेही आभार. एक शंका उरते. सगळ्यांनीच असा हात आखडता घेतला तर मंदी आणखी खोल जाणार नाही का?

मुद्दल-व्याज :
जाईल. प्रत्येकाची बचत त्याच्यापुरती शहाणपणाची असली, तरी सर्वांनी एकदम खर्च थांबवल्यास दुसऱ्याचे उत्पन्न आटते, हा अर्थतज्ज्ञ केन्स यांचा युक्तिवाद खराच आहे आणि या योजनांचा पाया तोच आहे. मात्र ज्यांचे उत्पन्न पक्के आहे आणि ज्यांनी केवळ भीतीपोटी खरेदी लांबवली आहे, अशा लोकांना उद्देशून सरकार ही सवलत देते. भारतात 2020 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आलेली, प्रवास न करताही प्रवास-सवलतीचे पैसे देणारी योजना पाहा : कर-सवलतीचा पूर्ण लाभ हवा असेल तर प्रवासभाड्याच्या तिप्पट रक्कम 12 टक्के किंवा त्याहून अधिक जीएसटी असलेल्या वस्तू वा सेवांवर खर्च करायची होती, तीही डिजिटल पद्धतीने. पगार ठरलेल्या तारखेला जमा होणाऱ्यालाच हे झेपते. ज्या घरात नोकरी टिकेल की नाही हा प्रश्न आहे, त्या घराने देशाची मागणी वाढवण्यासाठी हप्ते सुरू करावेत अशी अपेक्षा कुठलाही अर्थशास्त्री धरणार नाही.

काटकसरे :
तरीही घ्यायचेच ठरले, तर अनुदान विक्रेता किमतीतच वजा करून देणार आहे की तुम्ही पूर्ण पैसे भरून नंतर अर्ज करायचा आहे, हे आधी विचारा. अमेरिकेतल्या त्या योजनेची पहिली एक अब्ज डॉलरची तरतूद जेमतेम आठवड्यात संपत आली होती आणि पुढची मंजुरी घाईने घ्यावी लागली होती. म्हणून निधी शिल्लक असल्याची व अर्ज मंजूर झाल्याची लेखी पोच हातात आल्याशिवाय जुनी गाडी आणि तिची कागदपत्रे सोपवू नका. अर्ज फेटाळला गेला तर बुकिंगची रक्कम परत मिळेल का, हेही पावतीवरच लिहून घ्या.